पर्यावरणीय द्रायुगतिकीचा सहायक प्राध्यापक निवडताना : खानदेशातील नव्या विभागप्रमुखांसाठी मार्गदर्शन

विभागप्रमुखपदाची सूत्रे हाती आल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत एखादे रिक्त पद भरण्याचे काम समोर येतेच, आणि त्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात येते की उमेदवार म्हणून आपण अनेक मुलाखती दिल्या असल्या, तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून माणूस कसा निवडायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. पद नेहमीच्या विषयाचे असेल तर मागच्या वेळची फाईल पाहून काम निभावते. पद एन्व्हायर्न्मेंटल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे पर्यावरणीय द्रायुगतिकी, या विषयाचे असेल तर मात्र मागची फाईल वाट चुकवते, कारण हा विषय कोणत्याही एका विभागाच्या चौकटीत पूर्ण बसत नाही. उमेदवार, समिती-सदस्य आणि विभागप्रमुख अशा तिन्ही नात्यांनी मी मुलाखतीच्या खोलीत बसलो आहे. त्या अनुभवातून जे हाती लागले, ते जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील नव्या सहकाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

विषय आपल्या मातीवर आणून पाहावा

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात. निसर्गात वाहणारे पाणी आणि हवा, त्यांच्याबरोबर जाणारा गाळ, उष्णता, धूर आणि सांडपाणी, हे सारे कसे पसरते, कुठे साचते आणि किती अंतरावर विरळ होते, याचे मोजमाप आणि गणित म्हणजे हा विषय. पंपातला किंवा नळीतला प्रवाह बंदिस्त असतो आणि त्याच्या भिंती ठाऊक असतात. नदीचा काठ वेडावाकडा असतो, तळ पावसाळ्यागणिक हलतो आणि वाऱ्याला तर भिंतच नसते. म्हणून फ्लुइड मेकॅनिक्सचा उत्तम जाणकार या विषयाचाही जाणकार असेलच असे नाही.

खानदेशात या विषयाला कामाची वाण नाही. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी आपल्या भागातून पश्चिमेकडे जाते; पूर्णा तिला चांगदेवपाशी मिळते आणि त्या संगमाच्या खाली हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. पूर्णेच्या काळ्या मातीचा गाळ जलाशयात कुठे बसतो, पुराच्या वेळी दरवाजे उघडल्यावर त्यातला किती पुढे जातो, हा प्रश्न एखाद्या संशोधकाला दहा वर्षे पुरेल. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातून पाट आणि पाटातून फडांपर्यंत पाणी केवळ उताराच्या बळावर शतकानुशतके पोचत आले आहे. उकाईच्या फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यात येते आणि उन्हाळ्यात त्याचे वरचे थर तापून खालच्या थंड थरांपासून वेगळे पडतात. साक्री तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. रावेर-यावलच्या केळीबागांभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची वारारोधक लावण असते आणि तिच्या आडोशाला वैशाखातल्या झळांचा जोर किती अंतरापर्यंत कमी होतो, हाही याच विषयाचा प्रश्न आहे. हिवाळ्यात पहाटे वीटभट्ट्यांचा धूर जमिनीलगत आडवा पसरलेला दिसतो, तो वरच्या गरम हवेच्या झाकणाखाली अडकलेला असतो.

ही सगळी यादी एका माणसाकडून होणार नाही, म्हणून पहिली पायरी म्हणजे निवड. विभागातल्या सर्वांना एकत्र बसवून पुढच्या पाच वर्षांत यांपैकी कोणते एक किंवा फार तर दोन प्रश्न हाती घ्यायचे, हे एका पानावर लिहावे. त्या पानावर तीन गोष्टी असाव्यात: नवा माणूस कोणते अभ्यासक्रम शिकवील, कोणत्या प्रवाहावर काम करील आणि त्यासाठी विभागाकडे आज काय आहे. हे पान मी फाईलच्या अगदी वर लावत असे. पुढे कुलसचिव कार्यालयाच्या शंकांना, छाननीतल्या वादांना आणि मुलाखतीतल्या मतभेदांना उत्तर देताना तेच पान कामी येते.

मान्यता आणि बिंदुनामावली

हा टप्पा वेळखाऊ असला तरी त्यात गुंतागुंत फारशी नाही. पद मंजूर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, आहे का, भरतीला शासनाची मान्यता मिळाली आहे का आणि बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवार नोंदवहीनुसार, ते कोणत्या प्रवर्गाचे आहे, या तीन बाबी आस्थापना विभागाकडून लेखी घ्याव्यात. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरातीचा मसुदा पुढे सरकत नाही, त्यामुळे हे काम सर्वांत आधी सुरू करावे. समांतर आरक्षणाची नोंद राहून गेली, तर संपूर्ण जाहिरात मागे घेण्याची वेळ येऊ शकते. पद आरक्षित असेल तर योग्य उमेदवार मिळणार नाही, अशी कुजबुज काही ठिकाणी अजूनही कानावर येते; ती विभागप्रमुखाने तिथल्या तिथे थांबवावी. उमेदवार मिळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते, किंवा जाहिरातीनेच त्यांना बाहेर ठेवलेले असते.

जाहिरातीतली एक ओळ

या दुसऱ्या कारणाबद्दल मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या विषयाच्या निवडीत सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत अशाच पदासाठी जाहिरात निघाली. पात्रतेच्या रकान्यात ‘पर्यावरणशास्त्र या विषयातील पदव्युत्तर पदवी’ एवढीच ओळ होती. मसुद्यावर माझीही सही होती आणि ती ओळ मला त्या वेळी पुरेशी वाटली होती. आलेल्या अर्जांत एक अर्ज असा होता की तो वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो: उपयोजित गणितात एमएस्सी, उथळ प्रवाहातील गाळवहनावर पीएचडी आणि त्यानंतर जलाशयातील तापमानाच्या थरांवर दोन वर्षांचे काम. आम्हाला हवे असलेले सारे त्या एका अर्जात होते. छाननीच्या टेबलावर त्या अर्जावर लाल शाईत ‘विषय भिन्न’ असा शेरा पडला. छाननी समितीची त्यात काहीही चूक नव्हती, कारण तिने जाहिरातीत जे छापले होते तेच पाळले. ते पद पुढे दोन वर्षे रिकामे राहिले, आणि त्या दोन वर्षांत एमएस्सीच्या मुलांनी हा विषय तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून तुकड्यातुकड्यांत ऐकला.

म्हणून पुढील गोष्ट ध्यानात ठेवावी. या विषयाचे चांगले उमेदवार गणित, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, वातावरणशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी अशा निरनिराळ्या दारांतून येतात. नेट किंवा सेट परीक्षेत द्रायुगतिकी असा स्वतंत्र विषय नाही. कोणी गणितीय विज्ञानात, कोणी भौतिक विज्ञानात, कोणी पृथ्वी व वातावरण विज्ञानात, तर कोणी पर्यावरण विज्ञानात उत्तीर्ण झालेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ‘संबंधित, सुसंगत किंवा संलग्न विषय’ अशा आशयाची मोकळीक आहे, पण कोणते विषय संलग्न मानायचे हे जाहिरातीपूर्वी ठरवून अभ्यास मंडळाकडून आणि विद्यापीठाच्या योग्य प्राधिकरणाकडून मंजूर करून घेतलेले असेल, तरच छाननीत तिचा उपयोग होतो. जाहिरात निघाल्यानंतर विषयांची यादी वाढवणे हा इतर उमेदवारांवर अन्याय ठरतो आणि तसे कधीही करू नये.

विज्ञान शाखेतील पदासाठी किमान पात्रता म्हणजे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट. आयोगाच्या नियमांनुसार मिळवलेली पीएचडी असलेल्यांना नेट-सेटमधून सूट आहे आणि राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी ही अट राहिलेली नाही. अभियांत्रिकी शाखेतील पद असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम लागू होतात आणि तेथे पदवी व पदव्युत्तर पदवी संबंधित शाखेत असून दोहोंपैकी एकात प्रथम श्रेणी लागते. आपले पद कोणत्या नियमाखाली येते हे आधी ठरवावे, कारण दोन्ही नियमांची सरमिसळ करून लिहिलेली जाहिरात कोर्टात टिकत नाही.

पात्रतेच्या ओळीखाली ‘अपेक्षित कार्यक्षेत्र’ म्हणून दोन वाक्ये लिहावीत. उदाहरणार्थ: ‘नदी, कालवा किंवा जलाशयातील प्रवाह, गाळवहन अथवा प्रदूषकांचे मिश्रण, किंवा भूपृष्ठालगतच्या हवेचा प्रवाह, यांपैकी एका विषयावर प्रत्यक्ष मोजणी किंवा संगणकीय प्रारूप यांचा अनुभव असलेल्या उमेदवारांना विभागाच्या कामात वाव आहे.’ ही अट नसून दिशा आहे, हे शब्दांतून स्पष्ट दिसले पाहिजे. वेतन ॲकॅडमिक लेव्हल १० मध्ये असून मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, हेही लिहावे. परप्रांतातला उमेदवार आधी तेच शोधतो.

जाहिरात योग्य माणसांपर्यंत पोचवणे

वृत्तपत्रे आणि संकेतस्थळ हे नियमाचे भाग झाले. त्यापलीकडे विभागप्रमुखाने स्वतः पत्रे लिहावीत. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे; १९१६ पासून तेथे नद्या, बंदरे आणि धरणे यांची प्रारूपे बांधून प्रवाहाचा अभ्यास होतो. पुण्याचीच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हवेच्या प्रवाहांसाठी आहे. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला मात्र आपण नेहमी विसरतो. ती तापीच्या काठच्याच शहरात आहे, ऑगस्ट २००६ च्या महापुराने त्या शहराला तापीच्या प्रवाहाचा अभ्यास करणे भाग पाडले, आणि भुसावळहून रात्रीच्या गाडीने सकाळी तेथे पोचता येते. या संस्थांत पीएचडी संपवत आलेले किंवा प्रकल्पावर काम करणारे तरुण असतात. खानदेशातील पदाची माहिती त्यांच्या मार्गदर्शकांकडून कळली, तर ते ती मनावर घेतात.

पत्रात आपल्या भागाची खरी माहिती द्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे लपवू नये. त्याच पत्रात सांगावे की हतनूर, वाघूर आणि गिरणेचे कालवे एका दिवसात पाहून परत येता येते आणि केंद्रीय जल आयोगाची सावखेडा व गिधाडे येथील मोजणीकेंद्रे तापीवरच आहेत. महानगरातल्या संस्थेत प्रवाहाचे काम करणाऱ्याला नदीपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो. तिथल्या तरुणाला हा फरक एका वाक्यात कळतो.

छाननी, आणि शोधनिबंध स्वतः वाचणे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांतील विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात छाननीसाठी पीएचडीला ३० गुण, प्रत्येक शोधनिबंधाला २ आणि शोधनिबंधांना एकूण कमाल १० गुण आहेत. म्हणजे पाच शोधनिबंधांनंतर सहावा आणि विसावा सारखेच. गुणभार आणि मुलाखतीचे प्रमाण याबाबत राज्य पातळीवरचे निर्णय बदलत आले आहेत, म्हणून जाहिरातीच्या दिवशी लागू असलेला निर्णय फाईलला लावून त्याप्रमाणेच चालावे. तक्ता कोणताही असो, तो उमेदवारांची रांग लावतो. कोणाला नदी कळते हे तो सांगत नाही.

ते कळण्यासाठी विभागप्रमुखाने, मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाचे किमान दोन शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. नियतकालिकाच्या नावावर विसंबू नये. आयोगाने स्वतःची केअर यादीदेखील, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे दर्जा ओळखण्याची जबाबदारी आता पूर्णपणे आपल्यावर आहे. वाचताना मी तीन ठिकाणी थांबतो. पहिले म्हणजे, मोजणी कोणी केली आणि ती कशी केली, हे स्पष्ट लिहिले आहे का. दुसरे, संगणकीय प्रारूपाचे निष्कर्ष प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले आहेत का, की रंगीत चित्रांवरच निबंध संपतो. तिसरे, जिथे प्रारूप आणि मोजणी जुळत नाहीत त्याबद्दल लेखकाने काय लिहिले आहे. या तिसऱ्या ठिकाणी उमेदवाराचा स्वभाव दिसतो. मोजणी आणि प्रारूप तंतोतंत जुळले असे प्रत्येक निबंधात सांगणाऱ्याला मुलाखतीत त्याबद्दल अवश्य विचारावे.

या विषयात निबंधांची संख्या कमी असणे हा दोष मानू नये. नदीवर काम करणाऱ्याला वर्षातून एकच पावसाळा मिळतो. तो कोरडा गेला किंवा पुरात उपकरण वाहून गेले, तर वर्ष जाते.

समितीची रचना

विद्यापीठातील पदासाठी कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. कुलपतींनी नियुक्त केलेले तज्ज्ञ, मंजूर नामिकेतून, म्हणजे तज्ज्ञांच्या यादीतून, आलेले तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख सदस्य असतात, आणि राखीव प्रवर्ग, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असतील तर त्या घटकाचे प्रतिनिधित्व करणारे सदस्यही लागतात. गणपूर्तीसाठी चार सदस्य आणि त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ हवेत. हे सारे कार्यालय पाहते.

विभागप्रमुखाच्या हाती असते ती नामिकेची सूचना. तिन्ही तज्ज्ञ एकाच घराण्याचे नसावेत. एक जण प्रयोगशाळेत किंवा नदीवर मोजणी करणारा असावा, एक समीकरणे आणि संगणकीय प्रारूपे यांत मुरलेला असावा आणि एक पाण्याच्या किंवा हवेच्या गुणवत्तेचा जाणकार असावा. तिघेही गणिती असले, तर चिखलात उतरणारा उमेदवार मागे पडतो. तिघेही मोजणीवाले असले, तर समीकरणातून नवे पाहणारा मागे पडतो. उमेदवाराचा मार्गदर्शक किंवा सहलेखक नामिकेत असेल, तर त्यांना आधीच नम्रपणे कळवून दूर ठेवावे. ‘सर, आपला विद्यार्थी यादीत आहे, म्हणून या वेळी आपल्याला त्रास देत नाही’ असे फोनवर सांगितले तर कोणीही वाईट मानत नाही.

व्याख्यान आणि मुलाखत

मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातले व्याख्यान घेऊन अध्यापनाची क्षमता तपासता येते, अशी विनियमांत तरतूद आहे आणि तिचा पूर्ण वापर करावा. व्याख्यान वीस मिनिटांचे, खऱ्या वर्गासमोर आणि खडू-फळ्यावर असावे. विषय सर्वांना एकच द्यावा. ‘काठावरून सोडलेले सांडपाणी नदीत कसे मिसळते’ हा माझा आवडता विषय आहे, कारण त्याची सुरुवात कोणत्याही मुलाने गावच्या नाल्यापाशी पाहिलेली असते: काळे पाणी कितीतरी अंतर एकाच काठाने पट्ट्यासारखे वाहत राहते. पाणी पुढे वेगाने जाते पण आडवे फार सावकाश मिसळते, त्यामुळे रुंद आणि उथळ पात्रात पूर्ण मिश्रणाला कित्येक किलोमीटर लागू शकतात, आणि तेच पाणी पात्राच्या मध्यभागी सोडले तर सुमारे चौथाई अंतर पुरते. एवढे वीस मिनिटांत मुलांच्या गळी उतरवता आले, तर तो माणूस शिकवू शकतो. आपल्या वर्गांत घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारी, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले बरीच असतात. उमेदवाराला त्या बोली येण्याची गरज नाही. मागच्या बाकावरून अडखळत आलेल्या प्रश्नाला तो थांबून उत्तर देतो का, हे पाहावे.

मुलाखतीत मी एक कागद वापरत आलो आहे, तो येथे जसाच्या तसा देतो. गिरणेच्या कालव्याच्या एका चारीवर दहा मीटर अंतर आखून, अर्धवट बुडणारे संत्रे सोडून सहा वेळा घड्याळ लावले. वेळा अशा आल्या: २४, २६, २५, ६१, २५ आणि २४ सेकंद. चारीची रुंदी १.२ मीटर आणि पाण्याची खोली ०.५ मीटर. पृष्ठभागाच्या वेगावरून सरासरी वेग काढण्यासाठी ०.८५ हा गुणक घ्यावा आणि विसर्ग सांगावा. हा कागद सर्व उमेदवारांना एकच द्यायचा, वेळ दहा मिनिटे.

बहुतेक जण सहाही वेळांची सरासरी काढतात आणि सेकंदाला सुमारे १६५ लिटर असे उत्तर देतात. गणित बरोबर असते. एका मुलाखतीत एका उमेदवार मॅडमने आकडेमोड सुरू करण्याआधी मान वर करून विचारले, ‘सर, चौथ्या वेळी संत्रे गवतात अडकले होते का?’ संत्रे खरोखरच काठच्या लव्हाळ्यात अडकले होते. ती वेळ वगळली की विसर्ग सेकंदाला सुमारे २०६ लिटर येतो. सेकंदाला ४० लिटरचा हा फरक तासाला जवळजवळ १ लाख ४५ हजार लिटर होतो, आणि आवर्तनाच्या काळात चारीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याची पाळी तेवढ्याने बुडू शकते. त्यांनी पुढे हेही विचारले की खोली एकाच ठिकाणी मोजली की तीन ठिकाणी. समितीतल्या पाचही जणांनी त्या क्षणी आपापले पेन खाली ठेवले, हे मला अजून आठवते.

त्यानंतरचे प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या कामातून निघावेत, आणि एक-दोन प्रश्न आपल्या भागातले असावेत. उन्हाळ्याच्या शेवटी जलाशयाच्या तळाच्या पाण्याला वास का येतो. पहिल्या पावसाच्या थंड पाण्याने थर उलटले तर माशांवर काय परिणाम होईल. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या उंच चिमणीचा धूर आणि वीटभट्टीचा धूर हिवाळ्याच्या पहाटे वेगवेगळे का वागतात. सूत्र पाठ म्हणून दाखवण्याची मागणी करू नये. प्रवाह संथ आहे की खळबळता, हे सांगणाऱ्या रेनॉल्ड्स संख्येची व्याख्या सगळेच सांगतात. त्याच चारीतल्या पाण्याची रेनॉल्ड्स संख्या अंदाजे सांगा म्हटले की गोष्ट वेगळी होते. वेग सेकंदाला ०.३४ मीटर, खोली ०.५ मीटर आणि पाण्याची गतिक श्यानता (घनतेच्या मानाने चिकटपणा) सेकंदाला एक चौरस मीटरचा दहा लाखावा भाग घेतली की उत्तर पावणेदोन लाखांच्या आसपास येते, म्हणजे वरून शांत दिसणारे ते पाणी आतून पूर्ण खळबळते आहे. हे तोंडी, अंदाजाने सांगता येणे ही या विषयातली खरी सवय आहे.

लग्न, मूल, जोडीदाराची नोकरी यांबद्दल एकही प्रश्न विचारू नये, आणि दुसऱ्या सदस्याने विचारला तर अध्यक्षांच्या नजरेस आणून थांबवावा. मुलाखती संपल्या त्याच दिवशी गुणपत्रके आणि इतिवृत्त पूर्ण करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. प्रतीक्षा यादी अवश्य करावी.

आदेशाची तारीख आणि पहिला पावसाळा

निवड झाली म्हणजे काम झाले असे समजून बरेच विभागप्रमुख येथे हात झटकतात. प्रवाहाच्या अभ्यासकासाठी मात्र रुजू होण्याची तारीख फार मोलाची असते. आदेश ऑक्टोबरमध्ये निघाला, तर पूर ओसरलेले असतात आणि पहिले चांगले पाणी पाहायला त्याला आठ-नऊ महिने थांबावे लागते. परिवीक्षेचा बराचसा काळ तसाच निघून जातो. म्हणून मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हाव्यात, आदेश एप्रिलमध्ये निघावा आणि माणूस जूनच्या आत रुजू व्हावा, अशा बेताने मागे मोजत जाहिरातीची तारीख धरावी.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन असते आणि ते कमी करता येत नाही. मात्र पहिल्या सत्रात चार नवे अभ्यासक्रम एकदम देण्याऐवजी दोन अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिके देणे विभागप्रमुखाच्या हातात असते. प्रारंभिक अनुदानासाठी विद्यापीठाकडे लगेच प्रस्ताव द्यावा. आयोगाच्या विनियमांत विज्ञान व तंत्रज्ञान शाखेतील शिक्षकांसाठी ६ लाख रुपयांपर्यंतच्या अशा अनुदानाचा विचार केलेला आहे. त्याशिवाय अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या तरुण प्राध्यापकांसाठीच्या योजनेकडे अर्ज करण्यास त्याला पहिल्याच वर्षी प्रवृत्त करावे. पहिल्या पैशांतून महागडे उपकरण घेण्याचा मोह होतो. माझा अनुभव असा की एक चांगला प्रवाहमापक, मोजपट्ट्या, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा संच आणि कार्यशाळेत बांधून घेतलेला, प्रयोगासाठी पाणी वाहवण्याचा पाच-सहा मीटरचा काचेचा पाट, एवढ्यावर तीन एमएस्सी प्रकल्प आणि एक चांगला शोधनिबंध उभा राहतो. मोठ्या गणनेसाठी पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ संगणकावर वेळ मिळतो का, याची चौकशी करावी. खिडकीजवळ, पाण्याचा नळ असलेली एक खोली मात्र रुजू होण्याच्या दिवशीच रिकामी करून द्यावी. ही खोली मिळायला दोन वर्षे लागल्याने विभाग सोडून गेलेले माणूस मी पाहिले आहे.

पीएचडी मार्गदर्शक म्हणून मान्यतेसाठी त्याच्याकडे स्वतःची पीएचडी आणि समीक्षित नियतकालिकांतील किमान तीन शोधनिबंध लागतात. ते असतील तर पहिल्या सत्रातच प्रस्ताव पाठवावा, कारण सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात आणि पहिला विद्यार्थी मिळायला वर्ष जाते.

शेवटी परवानग्या. धरणाच्या किंवा कालव्याच्या हद्दीत मोजणी करण्यासाठी जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यकारी अभियंत्यांना विभागाच्या कागदावर, कुलसचिवांमार्फत पत्र जावे लागते. नव्या माणसाने एकट्याने हेलपाटे घालण्यापेक्षा विभागप्रमुखाने त्याला सोबत घेऊन पाटबंधारे कार्यालयात एकदा ओळख करून द्यावी. पत्रात मोजणीचे ठिकाण, महिने, माणसांची संख्या आणि उपकरणे लिहावीत, आणि पुलावरून मोजणी करताना किमान तिघे असतील, प्रत्येकाकडे लाईफ जॅकेट असेल आणि धरणातून विसर्ग वाढवल्याचा इशारा मिळताच काम थांबवले जाईल, हे स्पष्ट नमूद करावे. हे पत्र मे संपण्यापूर्वी पोचते करावे.